इगर्जीच्या आवारातली शाळा



कॅथलिक शाळा म्हटलं की आपल्यासमोर एक ठरलेलं चित्र उभं राहतं. दगडी इमारत, इंग्रजी माध्यम, कडक शिस्तीच्या नन आणि प्रवेशासाठी धडपडणारे पालक. ही शाळा खरीच आहे, पण ती अलीकडची आहे आणि मुख्यतः शहरातली आहे. आज मला जिच्याविषयी बोलायचं आहे, ती शाळा हिच्याहून कितीतरी जुनी आहे. तिला स्वतःची इमारत बहुधा नसे. गोव्यातल्या तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी या तीन तालुक्यांत, गावच्या चर्चला म्हणजे तिथल्या भाषेत इगर्जीला लागून ती भरे. पॅरिश शाळा, अर्थात धर्मग्रामाची शाळा. तिच्यात मुलं तीन गोष्टी शिकत: अक्षरं, धर्माची प्रश्नोत्तरं आणि संगीत. पहिल्या दोन गोष्टी जगातल्या बहुतेक धर्मशाळांत सापडतात. तिसरी गोष्ट इतक्या नेमाने, इतक्या गावांत, इतकी शतकं शिकवली गेल्याचं उदाहरण आपल्या देशात दुसरं नाही. माझं आजचं म्हणणं या तिसऱ्या गोष्टीपुरतं आहे. या शाळेने संगीताला अक्षरओळखीच्या रांगेत बसवलं. मुलाचा गळा चांगला आहे का, घराण्यात गाणं आहे का, बापाला फी परवडते का, हे न विचारता सूर शिकवले. ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचे परिणाम गोव्याच्या सीमेत मावले नाहीत.

पण एवढं म्हणून मला पुढे जाता येणार नाही. समोर बसलेल्या अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल आणि तो यायलाच हवा. ही शाळा कशासाठी काढली गेली? धर्मांतरासाठी, किंवा धर्मांतर झालेल्यांना नव्या धर्मात पक्कं करण्यासाठी. यात शंका नाही. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा जिंकला. १५४० साली तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली आणि १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मशिक्षणाकडे वळवण्यात आलं. त्याच पैशाच्या आधाराने जे धर्मविद्यालय उभं राहिलं तेच पुढे जेझुइटांचं सेंट पॉल कॉलेज म्हणून आशियाभर गाजलं. म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती शिक्षणाला सुरुवातीचं भांडवल मिळालं ते मोडलेल्या देवस्थानांचं. १५५९ साली वडील वारलेल्या हिंदू मुलांना धर्मसंस्थेच्या ताब्यात देण्याचा राजाचा हुकूम निघाला. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधणारं धर्मन्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. १५६७ च्या सुमारास सासष्टीतली देवळं गेली. ही सगळी वर्षं आणि पॅरिश शाळांचा उगम एकाच काळातले आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकीकडे देवळं पडत होती, देव रातोरात नदीपलीकडे हलवले जात होते आणि दुसरीकडे नव्या इगर्जींच्या आवारात मुलांना गोळा करून प्रार्थना म्हणवून घेतल्या जात होत्या. हे मी सुरुवातीलाच सांगतो आहे, कारण या शाळेविषयी चांगलं बोलायचं तर हे सगळं पदरात घेऊनच बोलावं लागेल. ते झाकून केलेली स्तुती मला नको आहे आणि तुम्हीही ती ऐकून घेऊ नये.

मग प्रश्न उरतो तो असा. ज्या शाळेचा हेतू असा होता, तिच्यात मूल्य म्हणावं असं काही असू शकतं का? माझं उत्तर होकारार्थी आहे. संस्था काढणाऱ्याचा हेतू आणि त्या संस्थेत रोज घडणारं काम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. हेतू फर्मानात लिहिलेला असतो. काम वर्गात चालतं आणि ते पिढ्यानपिढ्या चालत राहिलं की त्याला स्वतःचं चारित्र्य येतं. फर्मान काढणारा व्हाइसरॉय तीन-चार वर्षांत लिस्बनला परत जाई. वर्गात शिकवणारा मात्र त्याच गावचा, त्याच भाषेत बोलणारा, त्याच भातशेतीच्या बांधावरून चालत येणारा माणूस होता. शाळेचं मोल ठरवताना फर्मानं वाचावीत आणि वर्गातही डोकावून पाहावं. चला तर, वर्गात जाऊ.

या वर्गाचा शिक्षक म्हणजे मेस्त. पोर्तुगीज मेस्त्रचं हे कोकणी रूप. धर्मगुरू म्हणजे विगार हा शाळेचा प्रमुख, पण मुलांशी रोजचा संबंध मेस्ताचा. तो इगर्जीतल्या गायकवृंदाचा प्रमुख, वाद्यवादक आणि शिक्षकही. त्याचा पोटापाण्याचा खर्च चर्चच्या निधीतून आणि गावकारीच्या उत्पन्नातून निघे. गावकारी ही गोव्याची पोर्तुगीजपूर्व ग्रामसंस्था. गावाची जमीन सामाईक, तिचं उत्पन्न सामाईक, बांध-बंधारे राखण्याची जबाबदारीही सामाईक. पोर्तुगिजांनी १५२६ साली तिचे रिवाज लिहून घेतले आणि ती व्यवस्था आपल्या कामाला लावली. पूर्वी देवळाला जे मिळे ते आता इगर्जीला मिळू लागलं आणि त्यातलाच काही भाग मेस्ताच्या हाती पडू लागला. म्हणजे गावाने आपल्या शेताच्या उत्पन्नातून गावच्या मुलांसाठी संगीतशिक्षक पोसला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण शेवटी मला तिच्याकडे यायचं आहे.

शिकवण्याचा क्रम ठरलेला होता. आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी डोळ्यांनी वाचून तोंडाने गाणं. हाताने ताल धरायचा, समोरच्या पाच रेघांवरचे ठिपके पाहायचे आणि त्यांची नावं त्याच सुरात म्हणायची. सूर पक्का बसेपर्यंत, लय अंगात भिनेपर्यंत, वाद्याला हात लावायचा नाही. हे जमलं की मग व्हायोलिन, ज्याला गोव्याची जुनी माणसं रबेक म्हणत. पुढे कोणी क्लॅरिनेट, कोणी ट्रंपेट धरी. शिकलेलं दाखवण्यासाठी वर्षभर प्रसंग असत. रविवारची मिस्सा, गावच्या रक्षक संताचं फेस्त, त्याआधीचे नोव्हेनांचे नऊ दिवस, उपवासकाळातली मोतेतं, म्हणजे लॅटिन भक्तिगीतं, घरोघरच्या क्रुसासमोर गायल्या जाणाऱ्या लादाईनी. आज शिकलेलं परवा गावासमोर गायचं असे. ऐकणारे श्रोते म्हणजे मुलाचीच आई, काका, शेजारी. त्यांच्यातल्या अनेकांनी तेच गाणं त्याच आवारात आधी शिकलेलं असे, त्यामुळे चूक लगेच पकडली जाई. आणि सादरीकरण चुकलं तर पुन्हा पुढचा रविवार होताच.

इथे थांबून एका बारीक पण महत्त्वाच्या गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधतो. आपल्या शास्त्रीय परंपरेत गाणं एकट्याचं असतं. गुरू एक, शिष्य एक किंवा चार, आणि मैफलीत एक मुख्य कलाकार. त्याची उंची फार मोठी आहे आणि ती कमी लेखण्याचा विचारही माझ्या मनात नाही. पण चर्चचं संगीत अनेक आवाजांचं असतं. एक ओळ वरच्या पट्टीत, दुसरी तिच्याखाली, तिसरी त्याहून खाली, आणि तिन्ही एकाच वेळी चाललेल्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला यात काय करावं लागतं? शेजारचा वेगळे सूर गातो आहे ते ऐकत ऐकत आपली ओळ सोडायची नाही. त्याच्या आवाजात वाहून जायचं नाही आणि त्याला झाकूनही टाकायचं नाही. सोबत राहून स्वतंत्र राहायचं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा जे शब्दांत सांगतो, ते इथे कानांना आणि फुप्फुसांना रोज करावं लागत होतं. कॅथलिक शाळेची मूल्यं कोणती असं विचारलं की बहुतेक वेळा सेवा, शिस्त, श्रद्धा असे शब्द पुढे येतात. तेही होतंच. पण गोव्याच्या पॅरिश शाळेचं सर्वांत खोल मूल्य मला या सामूहिक गाण्यात दिसतं.

आणि हे सगळ्यांना का शिकवलं गेलं? कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. गरज होती म्हणून. गायकवृंदाला पुष्कळ आवाज लागतात. गावोगाव इगर्जी, प्रत्येक इगर्जीला गायकवृंद, मुलांचे आवाज वयात येताना फुटतात म्हणून दर काही वर्षांनी नवे आवाज. युरोपातून गायक आणणं अशक्य. तेव्हा गावातलीच मुलं तयार करणं हा एकच मार्ग. मला हे फार मोलाचं वाटतं. कारण उदारपणावर उभी असलेली कला उदार माणूस गेला की संपते. गरजेवर उभी असलेली कला टिकते. १७५९ साली पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकललं. १८३४-३५ मध्ये उरलेल्या धर्मसंघांवरही बंदी आली. मोठमोठी कॉलेजं बंद पडली, मठ ओस पडले, जुन्या गोव्याची राजधानी झाडाझुडपांत गेली. पण गावचा मेस्त शिकवतच राहिला. एकोणिसाव्या शतकात सरकारी प्राथमिक शाळा आल्या, अक्षरओळखीचं काम हळूहळू त्यांच्याकडे गेलं. पॅरिश शाळेकडे उरलं धर्मशिक्षण आणि संगीत. आणि नेमक्या याच काळात, राज्य उतरणीला लागलेलं असताना, गावातल्या मुलाच्या हातातली ही विद्या त्याच्या पोटाला उपयोगी पडू लागली.

कशी, ते पाहू. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ ते १८१३ दरम्यान, इंग्रजी फौजा गोव्यात होत्या. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर गोव्याची माणसं ब्रिटिश हिंदुस्थानात गेली. कोणी आचारी म्हणून, कोणी खलाशी म्हणून, कोणी कारकून म्हणून. आणि ज्याला स्वरलिपी वाचता येत होती तो वादक म्हणून. लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या वेळी पडद्यापुढे वाजवणारे वाद्यवृंद, हॉटेलांतले नृत्यसंगीत, जहाजांवरचे बँड. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या लोकांनी कूड काढले, जिथे आपल्या गावच्या माणसाला स्वस्तात राहता येई. त्या कुडांतून व्हायोलिनची पेटी घेऊन बाहेर पडणारा तरुण कोणत्याही संगीत महाविद्यालयात गेलेला नव्हता. त्याची पदवी म्हणजे इगर्जीच्या आवारातलं सोल्फेज. याच मुंबईत १८९२ च्या एप्रिलमध्ये लुकासिन्यो रिबेरो यांनी पहिला कोकणी तियात्र रंगमंचावर आणला. आणि तियात्र म्हणजे गाणी. ज्या समाजात गाता येणं, वाजवता येणं ही सामान्य गोष्ट होती, त्याच समाजाचं नाटक असं गाण्यांवर उभं राहू शकलं.

आता विसाव्या शतकाच्या मध्याकडे येऊ. हिंदी चित्रपटसंगीताने १९४० नंतर मोठ्या वाद्यवृंदाकडे झेप घेतली. आपले संगीतकार रागदारीत मुरलेले, लोकसंगीतात वाढलेले. चाल त्यांच्या कंठात होती. पण तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं, व्हायोलिनच्या फळीने कुठे शिरायचं आणि ट्रंपेटने कुठे गप्प बसायचं, हे कागदावर उतरवायला आणि तो कागद पाहताक्षणी वाजवायला स्वरलिपी लागते. ती जाणणारी माणसं मुंबईत होती आणि ती मोठ्या संख्येने गोव्याची होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचे वडील तिथल्या इगर्जीत गायकवृंद सांभाळत. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखतं. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, आपल्या सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ १९५१ साली आला, त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. सी. रामचंद्रांनी विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली गंधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत धडे घेतलेले. विष्णु दिगंबर पलुस्करांची शाळा आणि बार्देसची पॅरिश शाळा त्या गाण्यांत एकत्र आल्या. ज्यांनी ती गाणी ऐकून ताल धरला, त्यांच्यापैकी किती जणांना त्यातल्या दुसऱ्या शाळेचं नाव माहीत होतं?

आणखी एक योग मला सांगायचा आहे आणि तो सांगताना मन भरून येतं. मंगेशाचं मूळ ठिकाण कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. १५६० साली तो देव झुवारी ओलांडून प्रियोळला नेला गेला, कारण मागे राहिला असता तर फोडला गेला असता. जिथे तो गेला त्या मंगेशीच्या परिसरात पुढे दीनानाथ मंगेशकरांचं घराणं वाढलं. मंगेशी, केरी, कुर्डी या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेल्या मुलखातल्या, गावांनी हिंदुस्थानी संगीताला दीनानाथ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर दिल्या. आणि नदीच्या अलीकडे जी माणसं राहिली, बाटली, इगर्जीत जाऊ लागली, त्यांच्या नातवंडांनी पतवंडांनी व्हायोलिन हातात घेतलं. चारशे वर्षांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयात काय दिसतं? ध्वनिक्षेपकासमोर मंगेशकरांचा आवाज आणि मागे सासष्टी-बार्देसच्या वादकांची रांग. एकाच भूमीतून फाकलेल्या दोन वाटा अशा ठिकाणी येऊन मिळाल्या. यामुळे १५६० चा अन्याय पुसला जातो असं मी म्हणत नाही. तो पुसला जात नाही. पण हेही खरं आहे की त्या अन्यायानंतर जगत राहिलेल्या माणसांनी, दोन्ही तीरांवर, जे हाती आलं त्याचं सोनं केलं.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की हे सगळं अनुकरण होतं. परक्यांचं संगीत, परक्यांची वाद्यं, परक्यांची लिपी. गोव्याच्या मुलाने त्यात स्वतःचं काय घातलं? याचं उत्तर गोव्याच्या मांड्यात आहे. मांडो हा एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या घरांत बहरलेला गीतप्रकार. शब्द कोकणी, विषय विरह आणि प्रेम, चाल संथ, दोन आवाजांची सुरावट युरोपीय वळणाची, सोबत व्हायोलिन आणि मातीचं घुमट. तो युरोपातही कुठे नाही आणि बाकीच्या हिंदुस्थानातही कुठे नाही. उपवासकाळात गायली जाणारी मोतेतं लॅटिनमध्ये आहेत, पण त्यांतली कित्येक गावच्याच मेस्तांनी रचलेली आहेत. आणि अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात जो कार्यक्रम केला, त्यात रागांवर बेतलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या होत्या आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी पुढे ‘अमर अकबर अँथनी’ मधल्या गाण्यातून त्यांचं नाव घरोघर पोचवलं. स्वतः काही घडवू पाहणाऱ्या माणसांना नक्कल करणारे म्हणणं अन्यायाचं आहे. उलट, ज्यांनी सगळ्या देशाच्या कानांना वाद्यवृंदाची सवय लावली त्यांची नावं चित्रपटांच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली, हा हिशेब आपल्याकडून चुकता व्हायचा आहे.

दुसरा आक्षेप विषमतेचा आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. मी म्हणालो की सगळ्यांना शिकवलं. सगळे म्हणजे कोण? प्रामुख्याने मुलगे. गायकवृंदात आणि व्यावसायिक वादकांत स्त्रिया फार उशिरा आणि फार थोड्या आल्या. श्रीमंत घरांतल्या मुली पियानो शिकत, पण घरात. मग जातीचा प्रश्न. धर्म बदलला तरी जात सुटली नाही. बामण, चार्डो, शूद्र हे भेद गोव्याच्या ख्रिस्ती समाजात राहिले आणि इगर्जीतल्या कित्येक कोफ्रारी, म्हणजे धार्मिक मंडळं, जातीनुसार राखीव होत्या. त्यावरून विसाव्या शतकातही भांडणं झाली. हे सगळं असताना पॅरिश शाळेने समता आणली असं म्हणणं खोटं ठरेल. माझा दावा लहान आहे. भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या मुलाला लिसेव म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय होतं, १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय होतं, वकिली होती, धर्मगुरूपद होतं. ज्याला यांतलं काही नव्हतं त्या मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, मुलाला मेस्ताचं व्हायोलिन होतं. समाजाने बंद केलेल्या अनेक दारांमध्ये हे एक उघडं होतं आणि त्यातून बाहेर पडून हजारो कुटुंबांनी चूल पेटती ठेवली. जे दार मुलींसाठी उघडलं नाही, त्याची खंत मी या वाक्यालाच जोडून सांगतो.

तिसरा आक्षेप भाषेचा. पॅरिश शाळेने कोकणीचा गळा घोटला का? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पहिल्या शंभर वर्षांत पाद्र्यांचं धोरण लोकभाषेच्या बाजूचं होतं. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघालं आणि ओवीछंदातलं हे पुराण इगर्जींतून वाचलं जात असे. त्यांनीच कोकणीत लिहिलेली धर्मप्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरला छापली गेली. मुलांना धर्म शिकवायचा तर त्यांच्या भाषेत शिकवावा लागतो, हे त्यांना कळलं होतं. पण १६८४ साली व्हाइसरॉय काउंट आल्वोर याने फर्मान काढलं की तीन वर्षांच्या आत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि ती शिकवण्याची जबाबदारी गावच्या धर्मगुरूंवर आणि शिक्षकांवर टाकली. या हुकमाने शाळेला स्वतःच्या मुलांच्या भाषेविरुद्ध उभं केलं. ही जखम खोल आहे. कोकणी वर्गातून हद्दपार झाली, पण गाण्यात, लादाईनीत, मांड्यात, तियात्रात टिकली. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट आहे की हा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९९० साली, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, गोवा सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी असलं पाहिजे. तेव्हा धर्मप्रांताच्या प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून कोकणी माध्यम स्वीकारलं. १६८४ नंतरचं ते सर्वांत मोठं प्रायश्चित्त होतं असं मी मानतो. पण पालकांना इंग्रजी हवी होती, २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचं दार उघडलं आणि त्यावरून गोव्यात जे वादळ उठलं ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलं आहे. पालकांना मी दोष देणार नाही. आखाती देशांत, जहाजांवर, परदेशात पोट भरणाऱ्या समाजाला इंग्रजीची ओढ वाटणारच. बार्देसात आर्पोऱ्याला १८८७ सालीच इंग्रजी शाळा निघाली ती याच ओढीने. तरीही माझं मत असं आहे की १९९० चा निर्णय शाळेच्या बाजूने बरोबर होता आणि त्यातून मागे येणं हे नुकसान आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. ही संगीतशाळा गेली कुठे? ती एका दिवसात बंद पडली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ नंतर, उपासना लोकभाषेत आली. हे योग्यच झालं. पण अनेक आवाजांची लॅटिन गाणी मागे पडली, सोपी भजनं आली, आणि मुलांना वर्षानुवर्षं सोल्फेज शिकवण्याची निकड उरली नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला, गावोगाव सरकारी शाळा निघाल्या, त्यांतल्या बहुतांश मराठी, आणि कितीतरी हिंदू घरांत पहिल्यांदाच मुलगी शाळेत गेली. हेही योग्यच झालं. गावकारीचं उत्पन्न आटलं, तिची भातशेती कुळांच्या हाती गेली, आणि त्यात अन्याय झाला असं कोण म्हणेल? तिन्ही गोष्टी चांगल्या होत्या आणि तिन्हींनी मिळून मेस्ताच्या पायाखालची जमीन काढून घेतली. मी आधी म्हटलं ते इथे लागू होतं. ती शाळा गरजेवर उभी होती, गरज गेली, शाळा गेली. आज गोव्यात पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. पणजीत १९५२ पासून संगीत अकादमीची परंपरा आहे, लंडनच्या परीक्षांना मुलं बसतात. पण तिथे जातो तो ज्याच्या पालकांना हौस आहे आणि पैसे आहेत. आमच्याकडे पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी संगीताला घराण्याच्या बंद खोलीतून काढून विद्यालयात आणलं, त्याला स्वरलिपी दिली, परीक्षा दिल्या, हे आपल्या आधुनिक इतिहासातलं थोर काम आहे. पण त्यांच्या विद्यालयातही जायचं ते आपण होऊन, गाणं शिकण्यासाठी. पॅरिश शाळेत मूल गेलं की गाणं शिकूनच बाहेर पडे. हा फरक लहान नाही.

कोणी म्हणेल, तो धर्माचा पैसा होता, धर्माची सक्ती होती, आजच्या लोकशाही राज्यात तसं कसं चालेल? धर्म वगळा. सक्ती वगळा. उरतं काय? एका शिक्षकाची जागा आणि गावाने तिची उचललेली जबाबदारी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा उघडून पाहा. त्याच्या परिशिष्टात शाळेला शिक्षक किती आणि कोणते हवेत ते दिलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी एक अर्धवेळ निदेशक मिळतो. पहिली ते पाचवीला कलाशिक्षकाची तरतूदच नाही. ज्या वयात कान घडतो, ज्या वयात सासष्टीचा मेस्त मुलाच्या हातात ताल देत होता, त्याच वयासाठी आपल्या कायद्यात एकही जागा नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आज परिपाठाला प्रार्थना होते, कविता चालीवर म्हटल्या जातात, आणि कितीतरी शिक्षक स्वतःच्या हौसेने पेटी आणून मुलांना गायला लावतात. त्यांच्या त्या हौसेला मी मान देतो. पण हौस बदलीबरोबर दुसऱ्या गावाला जाते. जागा मंजूर असेल तर ती शाळेत राहते. सतराव्या शतकातली, परक्या सत्तेखालची, नांगराच्या उत्पन्नावर जगणारी गावकारी आपल्या मुलांसाठी जी जागा भरत होती, ती आपल्या ग्रामपंचायतीला, जिल्हा परिषदेला, राज्याला भरता येऊ नये, याचं कारण पैशाची चणचण आहे की इच्छेची, हा प्रश्न निवडणुकीच्या वेळी विचारला गेला पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या रकान्यात संगीत आणि कलेचा एक शिक्षक लिहिला जावा, अर्धवेळ का होईना, पण शाळेच्या आस्थापनेवर. आणि गोव्यातल्या इगर्जींच्या कपाटांत, मेस्तांच्या घरांतल्या पेट्यांत मोतेतांच्या आणि फेस्तांच्या संगीताच्या ज्या हस्तलिखित वह्या अजून आहेत, त्या वाळवीच्या आधी कोणीतरी गोळा कराव्यात. दोन्ही कामं आपल्या हातची आहेत.